कार्डाचा व्याजदर वाढला: काय ऐकीव, काय खरे

‘आपल्या कार्डावरील फायनान्स चार्जेस अमुक तारखेपासून दरमहा ३.७५ टक्के होतील.’ एवढा एका ओळीचा मेसेज येतो आणि सेलच्या जाहिरातींखाली दबून जातो. महिना-दीड महिन्याने बिलातला व्याजाचा आकडा डोळ्यांत खुपतो, तेव्हा चौकशी सुरू होते. ऑफिसातला सहकारी म्हणतो, बँकेला असे करताच येत नाही. व्हॉट्सॲपवरचा मजकूर म्हणतो, ग्राहक न्यायालयात जा. घरातले म्हणतात, कार्ड कापून टाक. तिघांनाही मदतच करायची असते, पण तिघांच्याही सांगण्यात गफलत आहे आणि ती पैशांनी मोजावी लागते.

पहिली गफलत आकड्यातच असते. गृहकर्जाचा दर आपण वर्षाचा ऐकतो. त्याच सवयीने ३.७५ वाचले की हा दर स्वस्त वाटतो. तो महिन्याचा असतो. वर्षाला ४५ टक्के. बँकेने वार्षिक दर सांगितलाच पाहिजे असा नियम आहे आणि तो कार्डासोबतच्या अटींच्या पत्रकात छापलेलाही असतो, पण मेसेजमध्ये बहुधा महिन्याचाच दिसतो. उदाहरण द्यायचे तर, एसबीआय कार्डने १ नोव्हेंबर २०२४ पासून संरक्षण दलांसाठीची कार्डे वगळता आपल्या विनातारण कार्डांवरचा दर दरमहा ३.७५ टक्के केला. अनेक बँकांचे दर आज याच पट्ट्यात आहेत.

‘तीस टक्क्यांच्या वर व्याज लावताच येत नाही’

हा समज हवेतून आलेला नाही. ‘आवाज’ या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी निकाल दिला होता की, क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या आणि ‘तीस टक्के’ हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहिले आणि अखेर २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निकाल रद्द केला. बँक आणि ग्राहक यांच्यातल्या कराराच्या अटी नव्याने लिहिण्याचा अधिकार आयोगाला नाही, व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे आज कार्डाच्या व्याजाला आकड्यातली कमाल मर्यादा नाही. व्याज अवाच्या सवा असू नये आणि त्याचे धोरण बँकेच्या संचालक मंडळाने ठरवावे, एवढेच रिझर्व्ह बँक सांगते. महाराष्ट्रातला २०१४चा सावकारी कायदाही इथे उपयोगी पडत नाही, कारण बँका त्याच्या कक्षेबाहेर आहेत. गावातल्या परवानाधारक सावकाराच्या व्याजावर सरकारची मर्यादा आहे आणि बँकेच्या कार्डावर नाही, ही विसंगती मला तरी पटत नाही. रिझर्व्ह बँकेने एक आकडा ठरवून द्यायला हवा. तोवर मात्र तीस टक्क्यांच्या भरवशावर कुणी बिल थकवू नये.

‘रेपो दर उतरला, मग कार्डाचाही उतरायला हवा’

फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. ज्यांचे गृहकर्ज रेपोशी जोडलेले आहे, त्यांचा व्याजदर उतरला. कार्डाचा नाही. ऑक्टोबर २०१९ पासून नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांना आणि वाहनकर्जांना रेपोसारख्या बाहेरच्या मानदंडाशी जोडण्याची सक्ती झाली. कार्डाचा व्याजदर मात्र बँक स्वतः ठरवते. त्यातच १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांवर लगाम घातला. कार्डांवरच्या येणे रकमेसाठी बँकांना १२५ ऐवजी १५० टक्के जोखीमभार धरणे भाग पडले, म्हणजे तेवढ्याच उधारीमागे जास्त भांडवल अडकवून ठेवावे लागले. रेपो खाली येताना कार्ड महाग होण्यात कायद्याने काही गैर नाही.

‘मी सही केलीच नाही, मग मला लागू कसा?’

इथे ग्राहकाच्या हातात खरोखर काहीतरी आहे, आणि नेमके तेच सहसा कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी जे निर्देश आणले, त्यांनुसार अटी बदलायच्या तर बँकेने ३० दिवस आधी कळवले पाहिजे. तेही एका कोपऱ्यात नोटीस लावून नाही, तर एसएमएस, ईमेल अशा उपलब्ध सगळ्या मार्गांनी. त्या ३० दिवसांत कार्ड परत करायचे तर करता येते आणि बंद करण्याबद्दल बँक शुल्क लावू शकत नाही. पण ३० दिवस गप्प बसलात, तर नवी अट मान्य केली असे धरले जाते. सही लागत नाही. गप्प राहणे हीच संमती.

म्हणून बिलात चढा व्याजदर दिसला की पहिला प्रश्न ‘का वाढवला’ असा विचारू नका. ‘कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने कळवले’ हे बँकेला लेखी विचारा. जुना ईमेल पत्ता, बदललेला मोबाइल नंबर अशा साध्या कारणांनी नोटीस हुकते. तुमचा पत्ता बँकेकडे बरोबर असेल आणि तरी नोटीस मिळालेली नसेल, तर तुमच्या तक्रारीला पक्का पाया आहे.

या हक्कात एक मोठी खोट आहे, तीही सांगायला हवी. कार्ड बंद करायचे तर सगळी बाकी चुकती करावी लागते. ज्याच्या कार्डावर लाखभर रुपये अडकलेत, त्याला दरवाढीचा फटका सर्वांत जास्त बसतो, आणि बाहेर पडणे त्यालाच सर्वांत कठीण.

‘व्याज फक्त राहिलेल्या रकमेवर लागते’

माझ्या मते सगळ्या समजुतींत ही सर्वांत महागडी. एक हिशेब नीट मांडून पाहू.

समजा ५ जूनला कार्डावर ६०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. बिल २ जुलैला निघाले, भरायची शेवटची तारीख २० जुलै. त्या दिवशी ५५,००० भरले, ५,००० राहिले. बहुतेकांना वाटते की व्याज या ५,००० वर लागेल. पूर्ण बिल भरले तरच बिनव्याजी मुदत मिळते, आणि थोडे जरी राहिले तरी बँका सहसा खरेदीच्या तारखेपासून व्याज मोजतात. म्हणजे ५ जून ते २० जुलै हे ४५ दिवस पूर्ण ६०,००० वर, आणि तिथून पुढच्या बिलापर्यंतचे १३ दिवस ५,००० वर. वार्षिक ४५ टक्क्यांनी पहिला तुकडा सुमारे ३,३२९ रुपयांचा होतो, दुसरा ८० रुपयांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी, कारण इतर कर्जांच्या व्याजाला मिळणारी सूट कार्डाच्या व्याजाला नाही. एकूण ४,०२२ रुपये. राहिले होते ५,०००, त्यांच्यापायी गेले ४,०००.

आता हेच गणित जुन्या, महिना साडेतीन टक्क्यांनी करा. येतात ३,७५४ रुपये. म्हणजे व्याजदर पाव टक्क्याने वाढल्याचा फटका २६८ रुपये, आणि पाच हजार मागे ठेवल्याचा फटका पावणेचार हजारांचा. लोक चिडतात ते पाव टक्क्यावर. घाव दुसरीकडे बसलेला असतो.

त्यातून पुढची गोष्ट आपोआप येते. मागची बाकी शिल्लक असेतो नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा, पेट्रोल, मोबाइल रिचार्ज, सगळ्यावर पहिल्या दिवसापासून ४५ टक्के. म्हणून बाकी असताना ते कार्ड पाकिटातून काढून ठेवायचे आणि खर्च यूपीआयने किंवा रोखीने करायचा. बँकेशी भांडण सुरू करण्याआधी हे एक काम करा, ते त्याच दिवशी पैसे वाचवते. एटीएममधून कार्डावर काढलेल्या रोख रकमेला तर बिनव्याजी मुदत कधीच नसते.

ज्याने दर महिन्याला पूर्ण बिल भरले, त्याला व्याजदर ३.५ असो, ३.७५ असो, फरक शून्य. अशा माणसाने दरवाढीच्या मेसेजने घाबरून कार्ड बंद करायचे कारण नाही.

‘मिनिमम भरत राहिलो की झाले’

मिनिमम ड्यू भरल्याने लेट फी टळते, खाते थकीत दिसत नाही. व्याज टळत नाही. हे बिलावरच छापलेले असते, कारण तसा इशारा छापण्याची बँकांना सक्ती आहे.

इथे मात्र तो पाव टक्का खरेच बोचतो. एक लाखाची बाकी आहे, नवी खरेदी बंद, महिन्याला ५,००० रुपये भरता येतात असे धरू. साडेतीन टक्क्यांनी व्याज ३,५००, जीएसटी ६३०. पहिल्या महिन्यात मुद्दल ८७० रुपयांनी उतरते. दर ३.७५ झाला की व्याज आणि जीएसटी मिळून ४,४२५ होतात आणि मुद्दल फक्त ५७५ ने उतरते. पाव टक्क्याने मुद्दलाकडे जाणारे पैसे तिसऱ्या हिश्श्याने घटले! वर्षभर असेच चालले तर ६०,००० रुपये भरूनही बाकी जेमतेम नऊ हजारांनी कमी होते. जुन्या दराने तेरा हजारांनी झाली असती. नव्या दराच्या गतीने लाखभर रुपये फिटायला ५० महिने लागतात, म्हणजे एकूण अडीच लाख रुपये.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत काही तरतुदी ग्राहकाच्या बाजूच्या आहेत. मिनिमम भरूनही बाकी फुगत जाईल अशी मिनिममची रचना बँकेला करता येत नाही, आणि न भरलेले शुल्क किंवा कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज लावता येत नाही. लेट फीदेखील शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लावता येते. बिलात याहून वेगळे दिसले तर ती रक्कम परत मागा.

‘एफडीला हात लावायचा नाही’

बचतीबद्दलची ही शिस्त आपल्याकडे घराघरांत आहे आणि एरवी ती चांगलीच आहे. पण सात टक्क्यांची मुदत ठेव कुलपात ठेवून ४५ टक्क्यांचे व्याज भरत राहणे म्हणजे घरातला पैसा बाहेर ओतणे आहे. ठेव मोडणे जिवावर येत असेल तर तिच्यावर कर्ज काढा. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्केच जास्त असतो.

पगारदारांसाठी महाराष्ट्रात एक जुनी, भरवशाची सोय आहे, तिचा विचार अशा वेळी का होत नाही कळत नाही. कचेरीतली पतपेढी. शिक्षक, एसटी कर्मचारी, पालिकेतले, कारखान्यातले कामगार, सगळ्यांच्या ‘सोसायट्या’ आहेत, आणि मुलीच्या लग्नाला, घराच्या डागडुजीला तिथूनच कर्ज काढायची रीत आहे. कार्डाची बाकी फेडायला सोसायटीकडे जायची लाज वाटते. वाटू नये. समजा तिथे बारा टक्क्यांनी लाख रुपये मिळाले आणि हप्ता तोच, महिन्याला ५,००० ठेवला, तर २३ हप्त्यांत कर्ज संपते. कार्डावर हेच ५० महिने चालले असते. सोसायटी नसेल तर बँकेचे वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण आहे. त्यांचेही दर कार्डाच्या दराच्या निम्म्याखालीच सापडतात. प्रक्रिया शुल्क विचारून घ्या, आणि पैसे हातात आले की त्याच दिवशी कार्डाची बाकी पूर्ण भरा. कर्ज काढून बाकी अर्धीच फेडली आणि कार्ड पुन्हा वापरात आले, तर दोन्हीकडून फास बसतो.

थकबाकीचे हप्ते बांधून घेण्याची सोयही बँका देतात. त्याचा दर बहुधा चालू व्याजदरापेक्षा बराच कमी असतो आणि ठरला तो शेवटपर्यंत राहतो. हप्ते बांधण्याआधी मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवणे बँकेवर बंधनकारक आहे. व्याज आत दडवून ‘नो कॉस्ट’ म्हणता येत नाही. फोन करून मागायला काहीच लागत नाही, म्हणून मागा. मात्र फोन तुम्ही लावायचा, कार्डामागे छापलेल्या नंबरावर. ‘तुमचा व्याजदर कमी करून देतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणून आलेला फोन ठगाचाच समजा.

‘अमेरिकेतल्या भाच्याने सांगितले’

इंटरनेटवर या विषयावर शोधले की पुष्कळदा अमेरिकेतले सल्ले हाती येतात, आणि न्यू जर्सीतला भाचाही तेच सांगतो: जुन्या बाकीवर बँक नवा दर लावूच शकत नाही. तो त्याच्या देशापुरते खरे बोलतो. तिथे २००९ साली ‘कार्ड ॲक्ट’ झाला. त्यानुसार दरवाढीची ४५ दिवस आधी सूचना लागते, खाते उघडल्यापासून पहिल्या वर्षात दर सहसा वाढवता येत नाही, आणि ग्राहक ६० दिवसांहून जास्त थकला नसेल तर आधीच्या बाकीला जुनाच दर राहतो. यातही एक पाचर आहे, ती तिथल्या मराठी वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिथली बहुतेक कार्डे ‘प्राइम रेट’शी जोडलेली असतात, आणि तो वर गेल्याने झालेल्या वाढीला ना ४५ दिवस लागतात, ना जुन्या बाकीला संरक्षण मिळते.

भारतातल्या निर्देशांत जुन्या बाकीला असे कवच नाही. ते असायला हवे, अशी मागणी इथल्या ग्राहक संघटनांनी लावून धरावी. जी उधारी एका दराने घेतली तिला मागाहून दुसरा दर लागणे न्याय्य नाही.

‘कार्ड कापून टाकले, आता संबंध संपला’

कात्रीने प्लास्टिक कापले जाते, खाते चालूच राहते. वार्षिक फी लागते, ती थकते, तिच्यावर लेट फी चढते. कार्ड बंद करायची विनंती हेल्पलाइन, ईमेल, ॲप यांपैकी कशावरही करता येते. पोस्टानेच अर्ज पाठवा असा हट्ट बँकेला धरता येत नाही. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद करून तसे कळवले पाहिजे. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. म्हणून विनंतीची तारीख आणि क्रमांक जपून ठेवा.

कार्ड बंद केल्याने सिबिल स्कोअर कोसळतो, अशीही भीती घातली जाते. एकूण मर्यादा कमी झाल्याने स्कोअर थोडा हलू शकतो. बिल थकल्याने किंवा बँकेशी तडजोड करून ‘सेटल्ड’ असा शेरा पडल्याने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते. ‘अर्धे भरा, खाते मिटवू’ हे ऐकायला गोड वाटते, पण तो शेरा पुढे गृहकर्जाच्या अर्जात आडवा येतो.

तक्रार कशाची करायची

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘व्याज फार जास्त आहे’ एवढेच लिहून गेलात, तर तक्रार बहुधा दारातूनच परत येईल. व्याजदर ठरवणे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आणि असे निर्णय लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. न्यायालयांचे हातही बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१अ ने याबाबतीत बांधलेले आहेत. म्हणून बोट नियमभंगावर ठेवा: ३० दिवसांची सूचना मिळाली नाही, भरलेली रक्कम किंवा परत आलेले पैसे वजा न करता व्याज मोजले, करावर व्याज लावले, कार्ड मुदतीत बंद केले नाही. यांपैकी जे लागू असेल ते, तारखा आणि बिलांच्या प्रतींसह.

आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. अडले तर माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पोर्टल जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड येथील केंद्राकडे पत्राने तक्रार पाठवा. ती मराठीत लिहिली तरी चालते, वकील लागत नाही आणि शुल्क एक रुपयाही नाही.